अमळनेरमार्गे ओहायो : एका आंतरदेशीय दत्तकाचं प्रकरण

दत्तकासाठी नाव नोंदवणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक जोडप्यांना दोन वर्षांच्या आतलं बाळ हवं असतं. तान्ह्या बाळासाठी ती वर्षानुवर्षं रांगेत थांबतात, आणि पाच वर्षांचं धडधाकट, बोलकं पोर शिशुगृहात तसंच राहून जातं. या प्रकरणातली मुलगी आमच्या दत्तक संस्थेच्या शिशुगृहात अशीच राहून गेलेली. तिला इथे चिंगी म्हणते. मुलाची ओळख पटेल असं काही छापायला बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मनाई करतं. त्यामुळे ती आमच्याकडे कशी आली, कुठल्या तालुक्यातली, हे लिहिणार नाही. पालकांचेही काही तपशील बदलले आहेत.

हे प्रकरण मांडावंसं वाटलं ते कागदपत्रांसाठी नाही. कागद या कामात नेहमीच वेळ खातात आणि शेवटी होतात. पण मंजुरी आल्यापासून विमानात बसेपर्यंतचे जे महिने असतात त्यांत मुलाचं नेमकं काय करायचं, याचा विचार पालक करत नाहीत आणि आम्ही संस्थावालेही पुरेसा करत नाही. या प्रकरणात तो करावाच लागला, कारण मधे खान्देशातलं एक भरलं घर आलं. एक प्रेमळ आजी आली. तिच्या प्रेमामुळेच एका टप्प्यावर सगळं अडलं.

बालकल्याण समितीने चिंगीला दत्तकासाठी कायदेशीर मुक्त जाहीर केलं तेव्हा ती पाचव्या वर्षात होती. तिचा बाल अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल 'कॅरिंग्ज' या केंद्रीय पोर्टलवर चढला. मुक्त जाहीर झाल्यापासून ६० दिवसांत देशातलं किंवा अनिवासी भारतीय कुटुंब मिळालं नाही, तर ते मूल परदेशी दत्तकासाठी खुलं होतं. पाच वर्षांवरची मुलं, भावंडं आणि दिव्यांग मुलं यांना तिथे प्राधान्य देता येतं. चिंगीची फाईल देशातल्या कुणी मागितली नाही.

जे पालक मिळाले त्यांतला बाबा मूळचा बोरी नदीकाठचा, अमळनेर तालुक्यातला. आई नाशिकची. दोघं ओहायो राज्यात स्थायिक, दोघांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेलं. मोठं मूल चालेल असं त्यांनी स्वतःहून लिहिलं होतं, आणि त्या एका ओळीमुळे त्यांची फाईल आमच्यासाठी वेगळी ठरली. गावाकडे मात्र पहिला प्रश्न हा निघाला की आपलाच पोऱ्या, आपल्याच मुलुखातली पोर, मग दिल्लीपर्यंत कागद कशाला? आजीच्या ओट्यावर एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तोडगाही सुचवला होता : दुय्यम निबंधकाकडे जाऊन दत्तकपत्र करा आणि घेऊन जा.

हा तोडगा खान्देशात फार ऐकू येतो, म्हणून थोडं विषयांतर. १९५६च्या हिंदू दत्तक कायद्यात देणारे आणि घेणारे समोरासमोर असले तर दत्तकपत्र करता येतं. संस्थेतल्या मुलासाठी तो रस्ता नाही. परदेशातल्या भावाला आपलं मूल द्यायचं म्हटलं तरी नुसतं दत्तकपत्र दाखवून परदेशाचा व्हिसा मिळत नाही, 'कारा' म्हणजे केंद्रीय दत्तक ग्रहण संसाधन प्राधिकरणाचं पत्र लागतंच. बाल न्याय कायद्याने नात्यातल्या दत्तकासाठी नातंही आखून दिलं आहे : काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. चुलतकाका त्यात नाही. आपल्याकडे चुलत आणि सख्खा हा भेद जेवायला बसताना कुणी करत नाही, कायदा करतो. शिवाय आईवडील दोघंही हयात असतील आणि मुलाला सांभाळायला समर्थ असतील, तर परदेशी दत्तकाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय हेग कराराखालच्या दत्तकात अमेरिका त्या मुलाला सहसा घेतच नाही. दत्तकपत्र आधी करून मग वकील शोधणारी कुटुंबं आमच्याकडे रडत येतात, कारण अमेरिकेच्या पद्धतीत मंजुरी आधी आणि दत्तक नंतर असाच क्रम लागतो.

एवढी बंधनं आली कारण एके काळी ती नव्हती. परदेशी दत्तकाच्या नावाखाली मुलांचे हाल होतात, असं एका वकिलाने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहून कळवलं. त्यातूनच १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे प्रकरणाचा निकाल आला आणि पहिल्यांदा नियम बांधले गेले. १९९३चा हेग करार भारताने २००३ मध्ये मान्य केला. दोन्ही देशांच्या सरकारांनी एकमेकांना लेखी हमी दिल्याशिवाय मूल हलवायचं नाही, हे त्याचं सार. बाबा अमळनेरचा असला तरी कागदावर तो अमेरिकन, म्हणून हे दत्तक परदेशी दत्तकच.

तर क्रमाने सगळं झालं. ओहायोत गृह अभ्यास, म्हणजे पालकांच्या घराची आणि परिस्थितीची पाहणी, झाला, अमेरिकी इमिग्रेशन खात्याने पालक म्हणून त्यांना पात्र ठरवलं, तिकडच्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत फाईल 'कारा'कडे आली. चिंगीचे अहवाल त्यांनी वाचले, तिकडच्या बालरोगतज्ज्ञाला दाखवले, सह्या करून स्वीकारले. मग चिंगीसाठी तात्पुरती मंजुरी, दूतावासाचं हेग कराराच्या कलम ५चं पत्र, आणि शेवटी 'कारा'चं ना हरकत प्रमाणपत्र.

इथे आमचा पहिला मतभेद झाला. बाबाचं नियोजन ठरलेलं होतं. दत्तकाचा आदेश होऊ द्या, पासपोर्ट होऊ द्या, मग आम्ही दोन आठवड्यांची रजा काढून येतो, व्हिसा घेतो आणि निघतो. हिशेबाने बरोबर. पण मी त्यांना विचारलं की तुमच्याबरोबर अठरा-वीस तास विमानात बसणार कोण? जी तुम्हाला फक्त मोबाईलच्या पडद्यावर ओळखते ती. ना हरकत प्रमाणपत्र मिळाल्यावर आदेश होईपर्यंत मुलाला देशातच दत्तकपूर्व पालनपोषणासाठी पालकांच्या ताब्यात देता येतं, तशी सोय नियमांत आहे. परदेशी पालक ती फारशी वापरत नाहीत, कारण इथे महिनोन्महिने राहायचं कुठे? यांच्याकडे राहायला घर होतं.

आईने बिनपगारी रजा घेतली आणि पुढे गावातूनच लॅपटॉपवर काम करायचं ठरवलं. तिकडचा दिवस म्हणजे इकडची रात्र, त्यात गावातली वीज. तिने इन्व्हर्टर बसवून घेतला. बाबा मागाहून येणार होता.

आई आषाढात आली. त्याआधी आम्ही चिंगीची तयारी सुरू केलेली होती. पालकांनी पाठवलेला फोटोंचा अल्बम तिच्या कपाटात असायचा. घर, दार, तिची खोली, शेजारचा कुत्रा, बर्फ साचलेलं अंगण. बर्फाच्या फोटोवर ती बोट ठेवून विचारायची, "हाई काय शे?" अहिराणी हीच तिची भाषा. अंगणवाडीतली मराठी तिला कळायची, बोलायचं झालं की अहिराणीच यायची. आईला ती भाषा अर्धीमुर्धीच येत होती. व्हिडिओवर बाबाने एकदा सहज "काय करी ऱ्हायनी, माय?" विचारलं, तेव्हा चिंगीने फोन उलटा करून मागे कोण लपलंय ते पाहिलं. अशा माणसांच्या तोंडी ही भाषा असेल असं तिला वाटलंच नव्हतं.

प्रत्यक्ष भेटीत ती आईशी बोलली नाही. आईच्या पर्समधल्या वस्तू एकेक काढून जमिनीवर मांडल्या, परत भरल्या, पुन्हा काढल्या. आईने तिला तसं करू दिलं. काही न विचारता शेजारी बसली. मला ते पाहून बरं वाटलं. मिठ्या मारायची घाई करणारे पालक मी पुष्कळ पाहिलेत. पोर ताठ होतं, आणि मग "हिला आम्ही आवडलो नाही" म्हणून तेच खट्टू होतात.

थोड्या भेटींनंतर हमीपत्र घेऊन चिंगीला गावी पाठवलं.

गावातल्या पहिल्याच आठवड्यात आईचा घाबरा फोन आला. उशीखाली भाकरीचे तुकडे सापडले होते. कळण्याची भाकरी, वाळून कडक झालेली, एकीत मिरचीचा ठेचा तसाच गुंडाळलेला. गादीला मुंग्या लागल्या होत्या. आजी म्हणाली, आपल्या घरात काय कमी आहे म्हणून पोर चोरून ठेवते? आजीला ते मनाला लागलं होतं. वाटून खाण्याची सवय झालेल्या मुलांमध्ये हे अगदी नेहमीचं असतं. पोट भरलेलं असलं तरी उद्याचा भरवसा नसतो. फेकू नका, रागवू नका, समजावूनही सांगू नका, असं मी सांगितलं. एक झाकणाचा डबा द्या, त्यावर तिचं चित्र चिकटवा, तिच्या हाताला येईल असा ठेवा, आणि तो कधीही रिकामा राहू देऊ नका. शेंगदाणे, गूळ, मुरमुरे, जे असेल ते. आईने स्टीलचा डबा आणला. पुढचे काही दिवस भाकरीही लपवली जात होती आणि डबाही भरलेला होता. मग भाकरी लपवणं थांबलं. डबा ओहायोला गेला आहे. तो काढून घेण्याची घाई करू नका, असं मी तिकडून येणाऱ्या अहवालाच्या उत्तरात लिहिलंय.

रात्रीचं वेगळंच होतं. शिशुगृहात सगळी मुलं एका दालनात, एक दिवा चालू, मावशीच्या खोकण्याचा आवाज. गावी तिला कोपऱ्यातली खोली दिली तेव्हा ती झोपायची नाही. आईने आपली गादी तिच्या गादीला लावली, हात लांबवला की पोचेल अशी. ओहायोतली गुलाबी रंगाची, वेगळी सजवलेली खोली वर्षभर तरी रिकामी राहील हे मी बाबाला तेव्हाच सांगून टाकलं. त्याने रंगावर बराच खर्च केला होता.

खरा प्रश्न होता माणसांचा. खान्देशात घरात नवं पोर आलं आणि कुणी पाहायला आलं नाही असं होत नाही. भाऊकी, शेजार, बाबाच्या शाळेतले मित्र, भाजीवाली, सगळ्यांचं एकच : "पोर दखाड ना, माय!" म्हणजे पोर दाखव ना. प्रत्येकजण तिला मांडीवर घेणार, हातावर दहा-वीस रुपये ठेवणार, काहीतरी भरवणार. चिंगी कुणाच्याही मांडीवर बसायची. लोक म्हणायचे, किती माणसाळलेली आहे! आम्हा काम करणाऱ्यांना हीच गोष्ट खटकते. जे मूल कुणाच्याही मांडीवर जातं त्याला अजून आपलं माणूस कोण ते ठरलेलं नसतं. म्हणून माझी अट होती की जेवू घालणं, आंघोळ, झोपवणं, लागलं-खुपलं तर जवळ घेणं, हे फक्त आईने करायचं, बाबा आला की दोघांनी. बाकीच्यांनी हसावं, बोलावं, खेळावं.

आजीला हे मान्य नव्हतं. "मना घरनी पोर, आनी मीच न्हावाडू नको?" तिचा प्रश्न रास्तच होता. सुनेला परदेशात कशी आंघोळ घालतात ते माहीत, तेल लावून पोर चोळायची तर आजीनेच. मी दोन-तीनदा सांगितलं, आणि मग आजीने माझ्यासमोर हो म्हणून माझ्यामागे आपलंच केलं. तिला दोष देत नाही. पण परिणाम पुढे दिसला.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी कानबाई बसली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : कानबाई या देवीचा हा खान्देशचा सगळ्यात मोठा घरगुती सण. मुंबई-पुण्याला, सुरतेला गेलेली भाऊकी यासाठी परत येते. रोटांसाठी, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांसाठी, गहू घेताना घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ मोजतात आणि ते रोट भाऊकीबाहेर कुणाला देत नाहीत. लग्न झालेल्या लेकीलाही बहुतेक घरांत देत नाहीत. चिंगीला रोट द्यायचा का, यावर घरात कुजबुज झाली, असं आईने नंतर सांगितलं. दत्तकाचा आदेश अजून झालेला नव्हता. एका चुलत सासऱ्यांनी तर "कागद होऊ द्या, पुढल्या वर्षी" असंही म्हटलं. आजीने काही न बोलता रोटाचा तुकडा मोडून, तुपात बुडवून चिंगीच्या हातात दिला आणि खीर वाढायला वळली. विषय संपला. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आधी त्या घराने आदेश काढला होता, असं मी त्या आठवड्याच्या नोंदीत लिहिलं आहे.

दत्तकाचे आदेश पूर्वी न्यायालय द्यायचं. २०२१च्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला, आणि ती दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली. सुनावणी बंद दालनात होते आणि अर्ज दाखल झाल्यापासून दोन महिन्यांत निकाल द्यायचा असतो. मुलाचं वय आणि समज पाहून त्याची इच्छाही विचारात घ्यायची असते. तोवर बाबाही आला होता. चिंगीला चॉकलेट देऊन अगदी साधा प्रश्न विचारला गेला : तुला कुणाकडे राहायचंय?

"आजीकडे."

परत विचारलं. परत आजीकडे. आई-बाबांबरोबर विमानाने लांब जायचं ना? तर ती म्हणाली, "माले नही जानं."

आईचा चेहरा पांढरा पडला. मला मात्र फार आश्चर्य वाटलं नाही. तिच्या परीने तिचं उत्तर अगदी बरोबर होतं. शिशुगृहातून निघताना तिला "घरी जायचं" असं सांगितलं होतं. ती घरी आलीही होती. घर म्हणजे बोरीकाठचा वाडा, ओटा, गाय, आणि तेल लावणारी आजी. आता परत कुठे निघायचं? विमान, ओहायो, बर्फ हे तिच्या लेखी आणखी एकदा उचलून नेणं होतं. गावी राहायचा आग्रह मीच धरला होता. तो आजही धरीन, कारण आईशी तिचं जे काही जुळलं ते तिथेच जुळलं. पण एका टप्प्यानंतर तेच घर आडवं येतं.

सुनावणी पुढच्या तारखेला ठेवली गेली. त्या मधल्या काळातला निर्णय सोपा नव्हता. बाबाचं म्हणणं, चार दिवसांत विसरेल. आजीचं म्हणणं, मग इथेच राहू द्या की, मी सांभाळते. माझं म्हणणं असं होतं की जी माणसं विमानात तिच्या शेजारी बसणार आहेत, त्यांच्याशीच तिचं घर बांधलं गेलं पाहिजे, आणि त्यासाठी त्या तिघांना आता एकटं राहावं लागेल. धुळ्यात देवपुरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. गावचं एक मडकं, आजीची गोधडी आणि तो डबा बरोबर. आजी फक्त रविवारी यायची, पाहुणी म्हणून, सोबत वांग्याचं भरीत घेऊन, आणि संध्याकाळी सगळ्यांदेखत "येस मी, पुढला रयवारले" असं सांगून निघायची. हे सांगून निघणं फार महत्त्वाचं. चिंगीच्या आयुष्यातली आजवरची माणसं न सांगता गेलेली होती. जाणारं माणूस परत येतं, हे तिने दर रविवारी पाहिलं.

पहिले दिवस वाईट गेले. ती जेवेना, आईला चावली, बाबाचा चष्मा फेकला. आईने मला विचारलं, आम्ही हिच्यावर अन्याय करतोय का? मी सांगितलं, ती चिडते आहे म्हणजे तुमच्यावर चिडायची तिला भीती वाटत नाही. कुणाच्याही मांडीवर बसणारी चिंगी आता निवडून चिडत होती. काही आठवड्यांनी बाबाबरोबर बाजारात गेली असताना गर्दीत एका बाईने कौतुकाने तिला उचललं, तर ती हातपाय झाडत बाबाकडे पळाली. आईने हे मला आनंदाने सांगितलं.

पुढच्या तारखेला पुन्हा विचारलं तेव्हा तिने आईच्या ओढणीत तोंड घातलं आणि उत्तरच दिलं नाही. तेवढं पुरलं. आदेश झाला.

आता कागदांचं. ते झपाट्याने उरकेन, कारण इथे अडचण एकच आली, पण ती मराठी माणसाला हमखास येते. जन्मदाखला दत्तक पालकांच्या नावाने निघतो. त्यावर बाबाचं नाव आपल्या रिवाजाप्रमाणे वडिलांच्या नावासकट आलं, आणि त्याच्या अमेरिकी पासपोर्टवर मधलं नावच नाही. पासपोर्टवर नाही ते दाखल्यावर, आणि दाखल्यावर आहे ते आदेशात नाही. दाखला दुरुस्त होऊन येईपर्यंत चिंगीच्या पासपोर्टचा अर्ज थांबला. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक पालकाला मी आता अर्जाच्या पहिल्या दिवशीच सांगते की पासपोर्टवरचं नाव अक्षरागणिक उतरवा, शाळेच्या दाखल्यावरचं नको. चिंगीचं नाव बदलायचा पालकांचा विचार होता, तो त्यांनी सोडला. पाच वर्षं ज्या हाकेला ओ दिली ती काढून घेऊ नये, असं माझं मत आहे, आणि हे मी प्रत्येक पालकाला सांगते, ते विचारोत न विचारोत.

पासपोर्ट आला, आदेशाच्या आधारे 'कारा'चं अनुरूपता प्रमाणपत्र आलं. हेग कराराच्या कलम २३ प्रमाणे हे प्रमाणपत्र म्हणजे दोन्ही देशांत दत्तक वैध असल्याचा दाखला. मग मुंबईला दूतावासाच्या यादीतल्या डॉक्टरांकडे तपासणी, आणि तिथे चिंगीची आयग्रा नावाची क्षयाची रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली.

बाबा फोनवर जवळजवळ ओरडलाच. त्याच्या डोक्यात एकदम क्षयरोग, उपचार, व्हिसा रद्द, असं सगळं आलं. भारतातून अमेरिकेला जाणाऱ्या २ ते १४ वर्षांच्या मुलांना ही रक्ततपासणी करावी लागते. पॉझिटिव्ह म्हणजे क्षयाचा जंतू कधीतरी शरीरात शिरला आहे, एवढंच. तो सुप्त असू शकतो, आणि आपल्या देशात असा सुप्त जंतू घेऊन आयुष्य काढणारी माणसं कोट्यवधी आहेत. बीसीजीची लस टोचली म्हणून ही चाचणी पॉझिटिव्ह येते, असा शिशुगृहात एका कर्मचाऱ्याने दिलासा दिला होता. तेही चूक. त्वचेवरच्या जुन्या चाचणीत तसं होऊ शकतं, आयग्रात नाही. पॉझिटिव्ह आल्यावर छातीचा एक्स-रे काढतात. तो स्वच्छ असेल आणि लक्षणं नसतील तर मूल प्रवास करू शकतं, तिकडे गेल्यावर डॉक्टर पुढचे उपचार ठरवतात. एक्स-रेत डाग दिसला असता तर तीन दिवस थुंकी घेऊन त्यातले जंतू वाढतात का ते पाहायला ठेवतात आणि त्याचा निकाल यायला आठ आठवडे लागू शकतात. चिंगीचा एक्स-रे स्वच्छ निघाला. आम्ही मात्र त्यानंतर शिशुगृहातल्या सगळ्या मुलांची आणि मावश्यांची तपासणी करून घेतली.

व्हिसासाठी दिल्लीला आगगाडीनेच जा, असं मी सुचवलं. जळगावहून एक रात्र तिघांनी डब्यात काढायची, पाठीला पाठ लावून, ही विमानाची तालीमच. मांडीवर घ्यायला आजी नाही, कंटाळा आला तर आई-बाबाच. भाड्याच्या गाडीत पट्टा लावून बसायची सवयही तिला धुळ्यात करवली होती, कारण तिकडे या वयाच्या मुलांना वेगळ्या आसनावर बांधूनच बसवतात. पहिल्यांदा पट्टा लावला तेव्हा आपल्याला कसली शिक्षा होते आहे असं वाटून ती रडली होती.

निघण्याआधी एकदा ती शिशुगृहात आली. हे टाळावं, मुलं अस्वस्थ होतात, असं आमच्यातल्या काहींचं म्हणणं. मला वाटतं निरोपाशिवाय नेलेलं मूल मागे वळून पाहत राहतं. जिने तिला सांभाळलं त्या मावशीला आम्ही काय बोलायचं ते आधी सांगून ठेवलं होतं, कारण मूल जाताना रडणारी बाई मुलाला अडकवून ठेवते. मावशीने ते नीट केलं : "जाय बेटा. मी आठे मजामा शे. तू तठे मजामा ऱ्हाय." रडली ती नंतर, स्वयंपाकघरात. चिंगीचे इथले फोटो, पहिला दात पडला त्याची तारीख, तिच्या मैत्रिणींची चित्रं, हे सगळं एका वहीत चिकटवून आईच्या हातात दिलं. मोठी झाल्यावर तिला तिची मुळं शोधायची असतील तर नियमांत तशी वाट आहे, आणि तेव्हा आमच्या फाईलमधला प्रत्येक कागद तिच्या कामी येईल.

फाटकापाशी आमच्या एका सात वर्षांच्या मुलाने मला विचारलं, "मना मम्मी-पप्पा कव्हय येतीन?" त्याच्यासाठी अजून कुणी फाईल मागितलेली नाही.

दिवाळी गावी करून ते गेले. दोन्ही पालकांनी इथे आदेश घेतलेला असल्याने चिंगीला आयएच-३ व्हिसा मिळाला. २०००च्या बाल नागरिकत्व कायद्यामुळे, आई-बाबांच्या ताब्यात अमेरिकेत पाऊल ठेवताच ती अमेरिकी नागरिक झाली. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी तिकडची संस्था भेट देऊन अहवाल पाठवते. पहिल्या अहवालात झोप नाही, जेवण कमी, शाळेत गप्प. दुसऱ्यात शिक्षिकेने लिहिलं होतं की ती दुपारच्या जेवणातून बिस्किट उचलून दप्तरात ठेवते. मी लिहिलं, ठेवू द्या. तिसऱ्यात इंग्रजी सुरू झालेलं, आणि त्याच सुमारास अहिराणी बंद. आजी व्हिडिओवर बोलते, चिंगी ऐकते आणि इंग्रजीत उत्तर देते. आजी ते मनाला लावून घेते. नव्या भाषेत शिरताना मुलं जुनीला काही काळ कुलूप लावतात, हे आम्ही पुष्कळदा पाहिलेलं आहे, त्यामुळे मी आई-बाबांना फक्त एवढंच सांगितलं की बाबाने घरात अहिराणी बोलणं सोडू नये, तिला बोलायला लावू नये.

सध्या वाद चालू आहे तो पुढच्या कानबाईचा. आजीला नात श्रावणात गावी हवी आहे. बाबाचाही कल तोच. मला वाटतं इतक्या लवकर नको, कारण परतीच्या वेळी ती पुन्हा म्हणू शकते, माले नही जानं. अजून एक वर्ष थांबावं, आणि आजीने आधी एकदा ओहायोला जाऊन यावं. आई माझ्या बाजूची आहे, पण ते उघडपणे म्हणत नाही. चिंगीचा भारतीय पासपोर्ट जमा करून तिच्यासाठी ओसीआय कार्डाचा, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डाचा, अर्ज केला आहे आणि ते कार्ड अजून आलेलं नाही, त्यामुळे तूर्त हा वाद कागदानेच लांबणीवर टाकला आहे.